सहीची घाई आणि अर्थाची वानवा

१८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, ऐन बाजाराच्या दिवशी, आसपासच्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, तेव्हा त्यांना मुख्यतः हवे होते ते सावकाराच्या पेटीत बंद असलेले रोखे, गहाणखते आणि कर्जाच्या वह्या. आणि हे कागद हाती लागताच त्यांची होळी झाली. हे लोण पुणे आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांतील कितीएक गावांत पोहोचले, सरकारने आयोग नेमला, आणि त्याच्या चौकशीत जे उघड झाले ते आजच्या वाचकानेही लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत १८५९ च्या कायद्याने तीन वर्षांवर आणली होती. हेतू असा की थकलेले व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊन कुळाचा गळफास होऊ नये. सावकारांनी त्यावर तोड काढली ती अशी, की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून तितक्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यावयाचा आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुनश्च व्याजाची आकारणी सुरू करावयाची. कुळ दर वेळी अंगठा उठवीत गेले, कारण कागदात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते आणि ते वाचून दाखविण्याचे बंधन कोणावरही नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो स्वतंत्र कायदा झाला, त्याने असे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहून, वाचून दाखवून, मगच त्यांवर अंगठा घेण्याची तरतूद केली.

आजचा मराठी गुंतवणूकदार निरक्षर नाही. तो वर्तमानपत्र वाचतो, मुलांना अभियंता करतो, वाण्याचा हिशेब पैशापैशाने तपासतो, आणि दिवाळीच्या खरेदीत चार दुकाने हिंडून भाव केल्यावाचून खिशात हात घालीत नाही. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ गृहकर्जाच्या कागदांवर, कर्मचाऱ्याचे बोट जेथे जेथे टेकेल तेथे तेथे, अर्ध्या तासात चाळीस सह्या करून मोकळा होतो. वीस वर्षांच्या विम्याचा करार समोरचा चहा निवण्यापूर्वी पुरा करतो. आणि अलीकडे तर मोबाईलवर आलेला ओटीपी यंत्रात भरला की सहीचीदेखील गरज उरत नाही. वाचता येत असून न वाचणे ही न वाचता येण्यापेक्षा अधिक चिंतेची गोष्ट आहे, कारण निरक्षराला आपल्या अज्ञानाची निदान जाणीव असते आणि जाणीव असल्यामुळे तो भितो. साक्षराला मात्र आपल्याला सारे कळले आहे असे वाटत राहते.

या स्थितीवर उपाय म्हणून आर्थिक साक्षरतेचे जे वर्ग भरतात आणि ज्या पुस्तिका निघतात, त्यांचा भर बहुधा व्याख्या पाठ करून घेण्यावर असतो. एनएव्ही म्हणजे काय, सीएजीआर म्हणजे काय, एसआयपी म्हणजे काय, याची उत्तरे ऐकून श्रोता घरी जातो आणि दुसऱ्याच दिवशी पूर्वीइतक्याच भाबडेपणाने नवा अर्ज भरतो. माझ्या मते हा मार्ग चुकीचा नसला तरी अपुरा आहे. अर्थव्यवहारातील प्रत्येक पारिभाषिक संज्ञा ही कोणत्या ना कोणत्या करारातील कलमाचे संक्षिप्त रूप असते, आणि कलम म्हटले की त्यात दोन पक्ष, एक जबाबदारी आणि एक जोखीम ही आलीच. म्हणून कोणताही कागद समोर आला असता सामान्य माणसाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत: यात वचन कोणी दिले आहे? वचन कोणते आणि केवळ आशा कोणती? मोबदला कोणाला, किती आणि कोणाच्या खिशातून मिळणार आहे? आणि मध्येच बाहेर पडावे लागले, अथवा मीच या जगात राहिलो नाही, तर पुढे काय? ज्याला या प्रश्नांची उत्तरे आपल्या घरातील माणसाला आपल्या भाषेत सांगता येतील त्याने सही करावी. ज्याला सांगता येणार नाहीत त्याने, व्याजाचा दर कितीही मोहक असो, लेखणी खाली ठेवावी.

पहिला प्रश्न वचन देणाऱ्याचा. आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेव, गल्लीतील पतसंस्थेतील ठेव, कारखान्याने गोळा केलेली ठेव आणि सराफाकडे दरमहा भरावयाचा हप्ता या सर्वांना एकाच सुरात ‘पैसे ठेवले आहेत’ असे म्हटले जाते; वस्तुतः हे चार निरनिराळे करार आहेत आणि त्यांच्या पाठीशी उभा राहणारा जामीनही निरनिराळा आहे. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पलई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्या, तेव्हा ठेवीदारांची जी दैना झाली तिच्यातून १९६२ मध्ये ठेव विम्याची व्यवस्था जन्माला आली. आरंभी दर ठेवीदारामागे अवघे १,५०० रुपये सुरक्षित होते. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख रुपयांची आहे. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून धरलेले असतात, आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत एकाच नावाने ठेवी वाटून ठेवल्या तरी त्या एकत्रच मोजल्या जातात. त्यामुळे ‘तीन शाखांत ठेवले म्हणजे पंधरा लाख सुरक्षित’ हा हिशेब कागदावरही टिकत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी ठेवीदाराला आपल्याच खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला आणि असे निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची सोय झाली. ती इष्टच झाली, परंतु विम्याच्या मर्यादेवरील पैशाचे भवितव्य अजूनही त्या बँकेच्या भवितव्याशी बांधलेले आहे.

पतसंस्थेला तर हे कवचच नाही. ती सहकारी संस्था म्हणून राज्याच्या सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या अधिकारकक्षेत ती येत नाही, आणि ठेव विमा महामंडळाचा विमा तिच्या ठेवींना लागू होत नाही. याचा अर्थ पतसंस्था वाईट असा मुळीच नव्हे. महाराष्ट्रातील कितीएक छोट्या दुकानदारांचे आणि हातगाडीवाल्यांचे भांडवल याच संस्थांनी उभे केले आहे. अर्थ एवढाच, की तेथे जो एक-दीड टक्का व्याज अधिक मिळते ते संचालकांच्या औदार्यापोटी मिळत नसून आपण पत्करलेल्या जोखमीपोटी मिळते, आणि ज्याने जोखीम पत्करली त्याने पाळतही ठेवली पाहिजे. तिचे साधन हाताशीच आहे. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, अहवाल छापला जातो, त्यात थकबाकीचे प्रमाण असते, लेखापरीक्षकाने दिलेला अ, ब, क अथवा ड हा वर्ग असतो, संचालकांकडील व त्यांच्या नातेवाइकांकडील येणे किती हेही असते. परंतु सभेचे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे: स्टीलचा डबा, नाहीतर पाण्याची बाटली, भेट म्हणून काखेत, वडा आणि चहा पोटात, आणि अहवाल मात्र खुर्चीवर पडलेला, ताळेबंद वाचल्यासारखा धरून तो मंजूर होतो, आभार मानले जातात आणि राष्ट्रगीत होते. पुढे संस्था अडचणीत आली की हेच सभासद कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतात. त्यांचे दुःख खरे असते, परंतु त्यातील काही भाग त्या खुर्चीवर राहिलेल्या अहवालात आधीच छापलेला असतो.

दुसरा प्रश्न वचन आणि आशा यांतील भेदाचा, आणि येथे युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ या योजनेइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही. १९६४ साली सुरू झालेली ही योजना मध्यमवर्गीयांच्या घरोघरी जवळजवळ सरकारी ठेवीच्या मानाने नांदत होती. दरवर्षी लाभांश जाहीर व्हावा, युनिटची किंमत ट्रस्टने ठरवून सांगावी, आणि निवृत्त शिक्षकाने ती निश्चिंत मनाने स्वीकारावी, असा शिरस्ता पडला होता. त्या किमतीमागे योजनेच्या मालकीच्या रोख्यांचा आणि शेअरांचा प्रत्यक्ष बाजारभाव किती, हे विचारावयाचे सामान्य माणसाच्या मनातही येत नसे. योजनेची पुष्कळशी रक्कम शेअरबाजारात गुंतलेली होती. बाजार कोसळला आणि जाहीर किंमत व प्रत्यक्ष मालमत्ता यांतील अंतर झाकेनासे झाले, तेव्हा जुलै २००१ मध्ये युनिटांची खरेदी-विक्रीच सहा महिने थांबविण्यात आली. एनएव्ही, म्हणजे योजनेच्या एकूण मालमत्तेतून देणी वजा करून दर युनिटाला येणारा वाटा, ही संज्ञा त्या दिवशी कित्येकांनी प्रथमच ऐकली. ज्याला ते वचन समजून चालले होते ती आशा होती, एवढाच त्या प्रकरणाचा निष्कर्ष काढला तरी तो आजच्या म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक गुंतवणूकदाराला पुरेसा आहे. दरमहा हप्ता ठरलेला आहे म्हणून फळही ठरलेले आहे, असा समज एसआयपीच्या जाहिराती पाहून करून घेणाऱ्यांनी तर तो विशेष ध्यानात ठेवावा.

विम्याच्या व्यवहारात वचन आणि आशा यांची सरमिसळ अधिक बेमालूम असते. समजा, ५ लाख रुपये विमा रकमेची वीस वर्षांची पॉलिसी आहे, वर्षाला सुमारे २५,००० रुपयांचा हप्ता आहे, आणि ‘हजारी पंचेचाळीस रुपये बोनस’ असे विक्रेता सांगतो आहे. दरवर्षी २२,५०० रुपये जमा होणार, म्हणजे हप्त्याच्या नव्वद टक्के रक्कम परतच येणार, असा गोड हिशेब तो टेबलावर मांडतो. खरा हिशेब वेगळा आहे. हा बोनस भरलेल्या पैशावर नव्हे तर विमा रकमेवर मिळतो, त्यावर चक्रवाढ होत नाही, तो आज खात्यावर लिहिला गेला तरी हातात पडतो मुदतीच्या अखेरीस, आणि पुढील वर्षांचा दर तर जाहीरही झालेला नसतो. वीस वर्षांत ५ लाख भरून, सारे काही सुरळीत घडले तर, ९ लाख ५० हजार मिळाले असे धरले, तर त्याचा वार्षिक चक्रवाढ दर पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. हा दर वाईट की बरा हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु नव्वद टक्के आणि पावणेसहा टक्के यांतील फरक ओळखता न येता सही करणे म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणाऱ्याला आपणच कोहळा उचलून देणे होय.

हीच गफलत काळाचा उल्लेख गाळून केली जाते. ‘पाच वर्षांत पन्नास टक्के’ हे ऐकताना कान टवकारतात, परंतु वार्षिक चक्रवाढीने तो परतावा साडेआठ टक्क्यांहूनही किंचित कमी भरतो. उलट कर्ज देताना काळाची ही चतुराई दुसऱ्या बाजूने चालते. एक लाखाचे कर्ज, तीन वर्षे मुदत, ‘सरळ बारा टक्के’ व्याज, म्हणजे ३६,००० रुपये व्याज आणि दरमहा सुमारे ३,७७८ रुपये हप्ता. ऐकावयास दर बाराचा. परंतु मुद्दल दर महिन्याला फिटत जात असताना व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या लाखावर आकारले गेल्यामुळे, घटत्या शिलकीवर मोजला तर तो दर एकवीस टक्क्यांवर जातो. क्रेडिट कार्डावरील ‘किमान देय रक्कम’ हा तर या शास्त्राचा कळसच होय. ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के दराने १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५ रुपये आकारले जातात. ग्राहक किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये, भरून कर्तव्य बजावल्याच्या समाधानात असतो, आणि मुद्दल फिटते अवघे ४३५ रुपये. सुप्याच्या कुळाचा रोखा तीन वर्षांनी नवा होत असे. येथे तो दर महिन्याला नवा होतो.

तिसरा प्रश्न विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो. विमा आणि फंड विकणारा हा बहुधा शेजारी, भाचा, शाळासोबती किंवा बँकेतील ओळखीचे साहेब असतात, आणि ‘यात तुम्हाला किती मिळते?’ असे विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. वास्तविक वकिलाला फी विचारताना, डॉक्टरला तपासणीचे दर विचारताना आपण लाजत नाही. कंपनीकडून कमिशन घेणारा वितरक आणि ग्राहकाकडून फी घेणारा, सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार, हे दोन निराळे धंदे आहेत. पहिल्याची निष्ठा स्वभावतः विकल्या जाणाऱ्या वस्तूशी असते आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही, फक्त ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे. म्युच्युअल फंडाचा खर्च दरवर्षी मालमत्तेतून आपोआप वजा होतो, त्याची पावती येत नाही, म्हणून तो जाणवत नाही. २०१३ पासून वितरकाविना थेट गुंतवणुकीची सोय आहे आणि तिचा खर्च कमी असतो. हा फरक एक टक्का धरला, आणि दरमहा ५,००० रुपये पंचवीस वर्षे भरले, तर ११ टक्के दराने सुमारे ७९ लाख आणि १० टक्के दराने सुमारे ६६ लाख होतात. हे दर केवळ हिशेबापुरते गृहीत धरलेले आहेत, बाजार ते देईलच असे नाही. परंतु तेरा लाखांच्या आसपासचा तो फरक मात्र खर्चाच्या एका टक्क्याने पडतो. उत्तम सल्ला मिळत असेल तर हे पैसे द्यावेतही, पण देत आहोत हे कळून द्यावेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की इतकी कटकट कशाला. मुदत ठेव बरी आणि आपण बरे. या भूमिकेतील सावधपणाचा मी आदर करतो, तथापि तिच्यातही एक न वाचलेले कलम आहे. सात टक्क्यांच्या ठेवीवर लाखाला ७,००० रुपये व्याज मिळते. वरच्या कराच्या टप्प्यातील नोकरदाराचा त्यावर उपकरासह ३१.२ टक्के कर जातो आणि हाती उरतात ४,८१६. महागाई पाच टक्के असली, तर वर्षअखेरीस त्या लाखाची खरेदीची ताकद किंचित घटलेलीच असते. बँकेने मुळातून कर कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, हाही असाच एक गोड गैरसमज आहे. कापणीची मर्यादा वेगळी आणि कराची देयता वेगळी. सुरक्षितता म्हणजे आकडा कायम राहणे की त्या आकड्यात येणारे धान्य, औषध आणि शिक्षण कायम राहणे, हे ज्याने ठरविले नाही त्याने जोखीम टाळली असे म्हणता येणार नाही. त्याने ती फक्त पाहिली नाही.

वैयक्तिक अर्थनियोजन म्हणतात ते दुसरे काही नसून हेच चार प्रश्न बाहेरच्या कागदांऐवजी आपल्या स्वतःच्या संसाराला विचारणे होय. आपण कोणाला वचन दिलेले आहे? मुलांना शिक्षणाचे, आईवडिलांना औषधपाण्याचे, बँकेला हप्त्यांचे, आणि स्वतःला म्हातारपणाचे. नियोजनाचा क्रम या वचनांवरून ठरतो, बाजारात सध्या काय तेजीत आहे यावरून नव्हे. म्हणून सर्वांत आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज हाती येईल अशी बाजूस काढावी. मग महागडी कर्जे फेडावीत, कारण बेचाळीस टक्क्यांचे कार्ड फेडण्याइतका खात्रीचा परतावा कोणताही फंड देणार नाही. मग कमावत्या माणसाचा निव्वळ मुदतीचा विमा घ्यावा, ज्यात परतफेडीचे आमिष नसते आणि म्हणूनच थोड्या हप्त्यात मोठी रक्कम मिळते. ती रक्कम किती असावी, हे शिल्लक कर्ज, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि घराचा वार्षिक खर्च यांची बेरीज मांडूनच ठरवावे.

आरोग्य विम्याच्या बाबतीत एका कलमाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण त्याचा प्रत्यय नेमका रुग्णालयाच्या बिलखिडकीपाशी येतो. कितीएक पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असते, म्हणजे ५ लाखांच्या विम्याला दिवसाला ५,००० रुपये. नातेवाइकांनी रुग्णाच्या सोयीसाठी १०,००० रुपयांची खोली घेतली, तर विमा कंपनी केवळ जादा भाडे नाकारून थांबत नाही. शस्त्रक्रियागृहाचा आकार, डॉक्टरांची फी असे खोलीच्या दर्जाशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापले जाऊ शकतात. विमा पाच लाखांचा आहे हे घरातील सर्वांना पाठ असते. खोली कितीची घ्यावयाची हे मात्र अॅडमिट होण्याच्या रात्री कोणालाच ठाऊक नसते.

एवढी तटबंदी झाल्यावर गुंतवणुकीचा विचार सुरू होतो, आणि तेथे चौथा प्रश्न निर्णायक ठरतो. पैसा केव्हा लागणार आहे? दोन वर्षांनी मुलीच्या प्रवेशासाठी लागणारी रक्कम शेअरबाजारात असू नये आणि वीस वर्षांनी निवृत्तीसाठी लागणारी सगळीच्या सगळी बचत खात्यात पडून राहू नये. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, खाते पंधरा वर्षांचे असते आणि अंशतः रक्कम सातव्या आर्थिक वर्षापासून काढता येते. मुदत ठेव मोडली तर व्याज घटते. पारंपरिक विमा पहिल्या काही वर्षांत सोडला तर भरलेल्या हप्त्यांपैकी मोठा भाग गमवावा लागतो. जमीन तर घाईत विकणाऱ्याला कधीच भाव देत नाही. प्रत्येक गुंतवणुकीला आत येण्याचे दार प्रशस्त असते, परंतु बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी आत शिरण्यापूर्वी मोजावी लागते.

आणि मीच राहिलो नाही तर? या प्रश्नावर मराठी घरांतील मौन केवळ अशुभाच्या भीतीने येत नाही. पुष्कळदा घरातील पुरुषाला आपला व्यवहार उघड करावयाचा नसतो. ‘नॉमिनी लावला आहे’ म्हणजे वारसाचा प्रश्न मिटला, असे सरसकट समजले जाते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या संदर्भात १९८३ मध्ये आणि शेअरांच्या व फंडांच्या संदर्भात डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, की नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, केवळ नामनिर्देशनामुळे ती मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने पती, पत्नी, मुले किंवा आईवडील यांना नॉमिनी केले असता त्यांचा हक्क दृढ करण्यात आला. इतरत्र मात्र मृत्युपत्रावाचून तरणोपाय नाही. दहा वर्षे कोणीही न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. त्या मागता येतात, परंतु मागण्यासाठी त्या आहेत हे घरातील कोणाला तरी माहीत असावे लागते. खाती, पॉलिसी, कर्जे आणि दिलेले जामीन यांची एक पानभर यादी पत्नीच्या हाती देणे हे अर्थनियोजनातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक टाळले जाणारे काम आहे. ‘तिला यातले काही कळत नाही’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की दरमहा तुटपुंज्या रकमेत घर चालवून भिशीचा हप्ता वेळेवर भरणारीला हिशेब शिकवावा लागत नाही. फक्त कागद दाखवावे लागतात.

सारा भार ग्राहकावर टाकणे अर्थातच न्याय्य होणार नाही. दाट छपाईची इंग्रजी पाने पुढे करून ‘आपण सर्व अटी वाचल्या आहेत’ असे लिहून घेणे हा एक प्रकारचा कायदेशीर कांगावा आहे. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट अशी, की नियम आता आपल्या बाजूस थोडेसे झुकले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या संस्थेने प्रत्येक ग्राहकाला मुख्य तथ्यांचे विवरण द्यावयाचे आहे, त्यात सर्व आकारांसह पडणारा एकूण वार्षिक दर दाखवावयाचा आहे, आणि ते ऋणकोला समजणाऱ्या भाषेत असावे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. विमा पॉलिसीसोबत सोप्या शब्दांतील माहितीपत्रक द्यावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळावयास हवे. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत तर, ती परत करण्याचाही अधिकार आहे. परंतु परिपत्रकातील हक्क मागितल्याखेरीज काउंटरवर येत नाही. ‘हे मराठीत द्या’ एवढे वाक्य बोलावयास आपण कचरतो, कारण मागे रांग असते, साहेब घाईत असतात, आणि आपण अडाणी ठरू अशी भीती असते. ओळखीचा माणूस आहे, विश्वासावर चालू द्या, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की विश्वास पानिपतात गेला ही म्हण आपल्याच बोलीत तयार झालेली आहे.

म्हणून माझी सूचना व्यवहारापुरती आणि साधी आहे. ज्या कर्जाचे, विम्याचे अथवा ठेवीचे विवरण मराठीत मिळत नाही, त्यावर त्या दिवशी सही करू नये. विवरण मागावे, घरी न्यावे, घरातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला वाचून दाखवावे आणि तिच्या शंका फिटल्यावरच परत जावे. एका ग्राहकाने असे केले तर कर्मचारी त्रासतो. दहांनी केले तर शाखाधिकारी वरिष्ठांना लिहितो. आणि शंभरांनी केले तर मराठी विवरणाचा गठ्ठा काउंटरवर आपोआप दिसू लागतो, कारण सही न झालेल्या कर्जावर बँकेला व्याज मिळत नाही आणि सही न झालेल्या पॉलिसीवर कोणालाही कमिशन मिळत नाही. गुंतवणूकदाराच्या हाती याहून मोठा नकाराधिकार नाही, आणि तो वापरावयास त्याला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.